वूड पिजन: चार मिनिटं किंवा दीड तास, मधलं काही नाही

इंग्लंडमध्ये अलॉटमेंटवर (भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर) कोबी, केल नाहीतर मटार लावणाऱ्यांना वूड पिजनची, म्हणजे तिथल्या मोठ्या रानकबुतराची, ओळख करून द्यायला नको. जाळी एका कोपऱ्यात वीतभर उघडी राहिली की दुसऱ्या दिवशी सकाळी पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या दिसतात. ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या पन्नास लाखांवर जोड्या आहेत. हिवाळ्यात ऑइलसीड रेपच्या, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या शेतांवर त्यांचे थवेच्या थवे उतरतात. त्यामुळे शेतकरी वर्षभर त्यांच्या मागे असतात आणि मारलेले पक्षी खाटकाकडे विकायला येतात. मांस गडद लाल, चरबी जवळजवळ नाहीच, चव थोडी काळजाच्या अंगाने जाणारी. नीट केलं तर फार उत्तम लागतं. मराठी स्वयंपाकघरात ते बिघडतं ते मसाल्यामुळे नाही, वेळेमुळे. कोंबडीच्या सवयीने आपण ते रश्श्यात पंचवीस मिनिटं रटरटवतो, आणि या मांसासाठी सगळ्यात वाईट वेळ नेमकी तीच.

कारण सोपं आहे. कबूतर दिवसभर उडतं, म्हणून छातीचे स्नायू रक्ताने भरलेले, दाट आणि बारीक धाग्यांचे असतात. आत चरबीची नक्षी नसते. असं मांस चारेक मिनिटांत तव्यावर परतलं तर आतून गुलाबी आणि लुसलुशीत राहतं. त्यापुढे आत ६५ अंशांच्या वर गेलं की धागे आवळतात, पाणी बाहेर फेकतात, रंग राखाडी होतो आणि उकडलेल्या काळजाची कोरडी चव येते. तिथून पुन्हा मऊ व्हायला दीड ते दोन तास मंद शिजवावं लागतं. पहिला थांबा चार मिनिटांवर, दुसरा दीड तासावर. मधे उतरायची सोय नाही.

कुठलं कबूतर, आणि कुठलं मुळीच नाही

वूड पिजन ओळखायला सोपा आहे. आकार मोठा, वजन साधारण ४५० ते ५५० ग्रॅम, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका, उडताना पंखांवर पांढरा आडवा पट्टा. पिल्लांच्या मानेवर तो पांढरा ठिपका नसतो. मग गोंधळ होतो तो स्टॉक डव्ह या दुसऱ्या रानकबुतराशी: तो लहान, राखाडी, मानेवर हिरवट चमक आणि अंगावर पांढरं काहीच नाही. त्याला संरक्षण आहे, त्याला हात लावायचा नाही. पायात कडी असलेलं कबूतर कुणाचं तरी शर्यतीचं असतं. तेही सोडून द्यायचं.

आणि खिडकीतला, स्टेशनातला, एसीच्या मागे घरटं करणारा पारवा? उपद्रव म्हणाल तर खरा तोच, पण ताटात घ्यायचा नाही. तो काय खाऊन वाढला हे कुणाला ठाऊक नसतं. शहरातल्या पारव्यांच्या अंगात शिसं साठतं, उंदीर-घुशींसाठी ठेवलेली विषारी आमिषंही त्यांच्या पोटात जाऊ शकतात. शिजवल्याने जंतू मरतात; शिसं आणि विष जसंच्या तसं राहतं. शिवाय साफ करताना वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात जाण्याचा धोका वेगळाच. मुंबईत दादरचा कबुतरखाना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा कोर्टातला मुख्य मुद्दा याच विष्ठेचा आणि फुप्फुसांचा होता. भारतात तर पारवा पकडून मारायला गेलात की प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि वन्यजीव कायदा, दोन्हींशी गाठ पडू शकते. वर आपल्याकडे कबुतराचं मांस ‘गरम’ म्हणून लकव्यावर देण्याची समजूत आहे. त्याला काही आधार नाही, त्यासाठी पारवे पकडू नका. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी खालची कृती बदकावर करून बघावी, तेही लाल मांसच आहे.

ब्रिटनमध्येही दिसला वूड पिजन की घातली गोळी, असं नाही. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने सगळेच रानपक्षी संरक्षित आहेत. पिकाचं गंभीर नुकसान टाळायला इंग्लंडमध्ये सर्वसाधारण परवान्याखाली वूड पिजन मारता येतो, पण आधी जाळी, बुजगावणं वगैरे उपाय करून पाहिलेले असले पाहिजेत. फक्त खाण्यासाठी किंवा मजेसाठी तो परवाना चालत नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे परवाने वेगळे, अटी दरवर्षी बदलू शकतात. जमीनमालकाची परवानगी लागते, एअरगनचा छर्रा हद्दीबाहेर गेला तर तो गुन्हा आहे, आणि बहुतेक अलॉटमेंटच्या नियमांत बंदूक बसतच नाही. मारलेला वूड पिजन विकायला मात्र याच कायद्यात वर्षभर मुभा आहे. म्हणून शहाणपणाचा मार्ग एकच: कोबीवर जाळी घाला आणि कबूतर गेम डीलरकडून, म्हणजे शिकारीचं मांस विकणाऱ्याकडून, आणा. आठवडी बाजारात नाहीतर चांगल्या खाटकाकडे सांगून ठेवलं की मिळतं. कधी पिसांसकट, कधी साफ केलेलं, कधी फक्त छातीचे तुकडे गोठवलेले. कापणीनंतर दाणे खाल्लेले पक्षी सगळ्यात चवदार. भर हिवाळ्यात रेप आणि कोबी खाऊन राहिलेल्यांच्या मांसाला उग्र वास येतो.

घेताना आणि साफ करताना

पिसांसकट पक्षी मिळाला तर आधी चोच उघडून घशात बघा. आत पिवळट, चक्क्यासारखी गाठ दिसली तर पक्ष्याला ‘कँकर’ झालेला आहे. माणसाला तो लागत नाही, पण तो पक्षी टाकायचा. छातीचं उभं हाड हाताला सुरीच्या धारेसारखं लागत असेल तर पक्षी रोडावलेला, तोही नको. शेपटीखालची पिसं हिरवट विष्ठेने चिकटलेली असतील किंवा पोटाखालची कातडी हिरवी पडली असेल तर विचारच करू नका. कोवळा की जून हे छातीच्या हाडाच्या मागच्या टोकावरून कळतं: दाबल्यावर वाकलं तर कोवळा, हाडासारखं कडक लागलं तर जून. पायांवरचे खवले खरखरीत आणि जाड असले तरी जूनच समजा. जून पक्ष्याचीही छाती तव्यावर चालते, फरक पडतो तो पाय आणि सांगाड्याच्या शिजण्याच्या वेळेत.

साफ करायचं काम घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून करा. कबुतराच्या अंगावर भुरकट पावडर असते आणि कोरड्या धुळीतून सिटॅकोसिससारखा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. पिसं थोडी ओली करून घेतली की धूळ उडत नाही.

सगळ्यात आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी काढा. हे ज्या दिवशी पक्षी मारला त्याच दिवशी व्हायला हवं. आत कधी गव्हाचे दाणे असतात, कधी ओकची फळं, कधी हिरव्या पानांचा गच्च लगदा. तो लगदा आंबतो आणि त्याचा वास छातीच्या मांसात उतरतो. ‘कबुतराला वास येतो’ अशी तक्रार असते तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. मानेच्या बुडाशी कातडीला छोटी चीर द्या, बोट आत घालून पिशवी अख्खी सोडवा, फाडू नका.

पुढे दोन रस्ते आहेत. अख्खा पक्षी हवा असेल तर पिसं उपटा. वूड पिजनची पिसं हाताने सहज निघतात, अडचण कातडीची आहे: ती कागदासारखी पातळ असते आणि छातीवर चटकन फाटते. एका वेळी तीन-चार पिसं धरून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरत, पिसांच्याच दिशेने ओढा. उरलेली लव गॅसच्या ज्योतीवर भराभर फिरवून जाळा. गरम पाण्यात बुचकळायची गरज नाही. त्याने ही पातळ कातडी शिजून निघून येते.

पण या कृतीसाठी पिसं उपटत बसायची गरजच नाही. पक्षी पाठीवर उताणा ठेवा. छातीच्या उभ्या हाडावर कातडीला चिमटा काढून वर उचला, सुरीच्या टोकाने चीर द्या आणि दोन्ही अंगठ्यांनी कातडी पिसांसकट दोन्ही बाजूंना सोला. खाली वांगी रंगाचे दोन गुबगुबीत तुकडे दिसतील. पातळ, लवचिक सुरी हाडाला चिकटवून वरून खाली चालवा. गळ्याकडे चिमट्यासारखं एक हाड आडवं येतं, त्याच्या कडेने वळा. सुरी हाडावर खरखरली पाहिजे. खरखर ऐकू येत नसेल तर मांस सांगाड्यावरच राहतंय. एका पक्ष्यातून दोन तुकडे, प्रत्येकी ५० ते ६५ ग्रॅम. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला बोटाएवढी एक वेगळी पट्टी असते. ती सुटी करून रश्श्यात टाका, कारण तव्यावर ती मोठ्या तुकड्याच्या आधीच वातड होते. नंतर पाय मुळापासून कापून घ्या आणि सांगाडा आतून स्वच्छ धुवा. काळीज आणि पेटा ठेवायला हरकत नाही. कोंबडीचं काळीज काढताना पित्ताची पिशवी फुटेल ही धास्ती असते; कबुतराला ती पिशवी नसतेच.

छर्रे, शिसं आणि आपला आंबटपणा

बंदुकीने मारलेल्या पक्ष्यात छर्रे असणारच. तुकडा उजेडात धरून बघा: काळसर रक्ताची रेघ आत गेलेली दिसते आणि तिच्या तोंडाशी अनेकदा पिसाचा तंतू ओढला गेलेला असतो. त्या रेघेवर सुरीच्या टोकाने टोचत गेलात की शेवटी टक्क आवाज येतो. छर्रा, पीस आणि भोवतालचं काळं पडलेलं मांस, तिन्ही कापून टाका. लोहचुंबक फिरवण्याची युक्ती फक्त पोलादी छर्ऱ्यांना लागू पडते, शिशाला नाही.

मराठी स्वयंपाकात इथे एक खास अडचण येते. शिसं आंबटात विरघळतं. व्हिनेगर, लिंबू, दही, चिंच, कोकम यांत शिशाचा छर्रा असलेलं मांस मुरत ठेवलं किंवा शिजवलं तर मांसात आणि रश्श्यात शिसं जास्त उतरतं. आपण मटण-कोंबडीला दही-लिंबू चोळून रात्रभर ठेवतो, ते इथे करायचं नाही. आंबट घालायचंच तर छर्रे काढून झाल्यावर, अगदी शेवटी. बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि दिवस जाण्याच्या प्रयत्नात असलेल्या बायकांना शिशाच्या छर्ऱ्याने मारलेल्या पक्ष्याचं मांस देऊ नये. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याचाही सल्ला याच धर्तीचा आहे.

कच्ची पपई चोळण्याचाही मोह टाळा. छातीचा तुकडा जेमतेम दोन सेंटिमीटर जाड असतो, धागे बारीक. पपईने वरचा थर पिठूळ होतो आणि आत फरक पडत नाही. दुधात भिजवून वास जातो म्हणतात, त्याचाही विशेष उपयोग नाही. हिवाळ्यातला उग्र पक्षी असेल तर एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम मीठ विरघळवून छातीचे तुकडे त्यात तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आत जातं, थोडं रक्त बाहेर येतं आणि तव्यावर पाणी कमी सुटतं. मग काढून कागदी रुमालाने अगदी कोरडे टिपून घ्या.

आळणी: पाय आणि सांगाड्यांचं

चार पक्षी चार जणांना पुरतात. चार सांगाडे, आठ पाय, माना, पेटे आणि छातीखालच्या आठ पट्ट्या हे सगळं आळणीचं सामान. पायांतले छर्रे आधीच तपासा.

कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवून सांगाडे आणि पाय मध्यम आचेवर दहा मिनिटं, चांगला तपकिरी रंग येईपर्यंत परता. ही पायरी टाळू नका. कबुतराच्या हाडांत चरबी नाही, नुसतं उकळलं तर आळणी राखाडी आणि रक्ताच्या वासाची होते. गोडवा येतो तो या परतण्याने. मग अर्धा चिरलेला कांदा, सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, आठ-दहा मिरे, दोन तमालपत्रं, पाव चमचा हळद, चमचाभर मीठ आणि दीड लिटर पाणी. पहिली उकळी आली की वर येणारा फेस काढून टाका आणि झाकण लावा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून कोवळ्या पक्ष्यांना वीस मिनिटं, जून पक्ष्यांना तीस ते पस्तीस. कुकर नको असेल तर जाड पातेल्यात झाकण ठेवून दोन तास.

वाफ आपोआप जाऊ द्या. बारीक गाळणीतून गाळा, कारण बरगड्यांची हाडं सुईसारखी असतात आणि एखादी रश्श्यात राहिली तर घशात अडकू शकते. पायांचं मांस बोटांनी सोडवून घ्या. मांडीत काडेपेटीतल्या काडीएवढे पांढरे शिरांचे दोरे असतात, ते ओढून टाका. साधारण एक लिटर आळणी आणि वाटीभर मांस हाताशी यायला हवं. आळणी पाणचट लागली तर उघड्या पातेल्यात आटवून पाऊण लिटरवर आणा.

रस्सा

दोन मध्यम कांदे, म्हणजे साधारण २५० ग्रॅम, उभे चिरून तेलावर गडद तपकिरी होईपर्यंत परता. मटणाला चालतो तसा गुलाबी कांदा इथे पुरत नाही. या मांसाच्या उग्रपणाला भाजलेल्या कांद्याचा कडक गोडवा लागतो. ५० ग्रॅम सुकं खोबरं किसून वेगळं भाजा. इंग्लंडात सुकं खोबरं न मिळाल्यास डेसिकेटेड कोकोनट घ्या, पण त्यावरून नजर हटवू नका, दोन मिनिटांत करपतं आणि एवढंसं करपलेलं खोबरंही सगळा रस्सा कडू करतं. एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, दोन चमचे धणे, चार लवंगा, इंचभर दालचिनी, छोटं दगडफूल कोरडंच भाजा. दहा लसूण पाकळ्या, दीड इंच आलं, मूठभर कोथिंबिरीचे देठ घालून सगळं थोड्या पाण्यात गंधासारखं बारीक वाटा. जाडसर वाटण इथे शोभत नाही. रश्श्यात मांसाचे तुकडे लहान आहेत, दाताखाली खोबऱ्याचा चोथा आला की तेवढाच जाणवत राहतो.

जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवा. नेहमीपेक्षा जास्त वाटेल, पण मटण स्वतःची चरबी सोडून तर्री देतं तसं हे मांस काही देत नाही. आच बंद करून तेलात दोन चमचे कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला घाला, दहा सेकंद हलवा, रंग उतरला की लगेच वाटण घालून पुन्हा आच लावा. वाटण मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत परता. त्यात पाऊण लिटर गरम आळणी घाला. थंड घातली की तर्री विरते आणि रस्सा गढूळ दिसतो. वीस मिनिटं मंद उकळू द्या. सोडवलेलं पायाचं मांस शेवटच्या पाच मिनिटांत घाला, कोकमाची दोन-तीन आमसुलं अगदी उतरवताना. टोमॅटो नको. आळणीत आधीच मीठ आहे, म्हणून मीठ चाखूनच घाला. बटाटे घालायचे असतील तर आळणीबरोबरच जाऊ द्या. ते रस्सा छान ओढून घेतात.

छातीचे तुकडे अजून रश्श्यात नाहीत, आणि जाणारही नाहीत.

छाती तव्यावर

तुकडे फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. पुन्हा एकदा टिपा. मीठ-पाण्यात ठेवले नसतील तर आता मीठ आणि भरडलेली मिरी लावा. हळद, तिखट, गरम मसाला या टप्प्यावर लावू नका: तवा इतका तापलेला असतो की मसाला मिनिटभरात जळतो, मांस काळं दिसतं म्हणून तुम्ही लवकर उतरवता आणि आत ते कच्चंच असतं.

बिडाचा तवा किंवा जाड फ्राइंग पॅन धूर येईपर्यंत तापवा, चमचाभर तेल घाला, तुकडे गुळगुळीत बाजू खाली करून ठेवा. एका वेळी चारच. आठ टाकले की तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि मांस परतण्याऐवजी उकडतं. दोन मिनिटं हलवू नका. मग उलटून दीड मिनिट. आच कमी करून चमचाभर तूप, ठेचलेली एक लसूण पाकळी, कढीपत्त्याची सात-आठ पानं घाला आणि ते फेसाळतं तूप चमच्याने वर ओतत अर्धा मिनिट. पाव चमचा गरम मसाला आणि चिमूटभर तिखट आता, या तुपात. गरम ताटलीत काढून पाच मिनिटं तसेच राहू द्या. बोटाने दाबल्यावर तुकडा थोडा उसळून वर आला तर मधे गुलाबी आहे. टेबलासारखा घट्ट लागला तर वेळ निघून गेली. असा तुकडा बारीक चिरून रश्श्यात टाका.

थर्मामीटर असेल तर मधोमध ५७ ते ६० अंशांवर तो मऊ आणि गुलाबी असतो. सुरक्षिततेच्या सरकारी हिशोबात मात्र मांस ७० अंशांवर दोन मिनिटं राहिलं पाहिजे. गुलाबी खायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. म्हातारी माणसं आणि आजारी माणसं ताटावर असतील तर त्यांच्यासाठी गुलाबी वाढूच नका, त्यांना पायाचं मांस आणि रस्सा द्या.

थांबवलेले तुकडे धाग्यांच्या आडव्या दिशेने, बोटाच्या जाडीचे कापा. धाग्यांच्या दिशेने कापले तर तेच मांस चिवट लागतं. पसरट ताटलीत रस्सा ओता, वर काप मांडा, ताटलीत सुटलेला लाल रस आणि तूप वरून घाला. ज्वारीची भाकरी उत्तम. भात घेतलात तर रस्सा थोडा दाट ठेवा. लिंबू ताटात पिळायला हरकत नाही.

गुलाबी मांस घरात कुणालाच नको असेल तर

मग छातीचा खिमा करा. ही तडजोड मुळीच नाही. काही जणांना हाच प्रकार जास्त आवडतो. आठ तुकड्यांचं साधारण ४५० ग्रॅम मांस सुरीने बारीक चिरा. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते. त्यात १०० ग्रॅम चरबीवाला लँबचा खिमा मिसळा, कारण नुसतं कबूतर वाळूसारखं सुटं आणि कोरडं होतं. कांदा, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, शेवटी हिरवे मटार, झाकण ठेवून पंचवीस मिनिटं. इथे पंचवीस मिनिटं चालतात, कारण धागे आधीच तोडलेले आहेत आणि ओलावा लँबच्या चरबीचा आहे. कच्चा खिमा गोठवून ठेवू नका, शिजवून ठेवा.

अख्खं कबूतर शिजवण्याचा तिसरा प्रकारही आहे: वरच्याच वाटणात, पाणी अर्ध्या उंचीपर्यंत, घट्ट झाकण, मंद आचेवर पावणेदोन तास. मांस हाडावरून सुटायला लागलं की झालं. पाऊण तासाला चाखून ‘अजून वातडच आहे’ म्हणून आच मोठी करू नका. त्या वेळी ते वातड असायचंच.

कैरोचं हमाम महशी (भरलेलं कबूतर) किंवा आसामचं केळफुलातलं कबूतर बघून ही कृती बदलायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे पाळलेली कोवळी पिल्लं वापरतात, जी साधारण महिन्याभराची, उडायला लागायच्या आधीच कापलेली असतात. त्यांच्या छातीने कधी काम केलेलं नसतं, कातडीखाली चरबी असते, म्हणून भात किंवा फ्रीका (भाजलेला हिरवा गहू) भरून उकडली तरी ती मऊ राहतात. वूड पिजनला तीच वेळ लावली की चामडं होतं. केळफुलाची जोड मात्र घेण्यासारखी आहे: ताकात भिजवून चिरलेलं केळफूल पायाच्या मांसाबरोबर, भरपूर मिरी घालून, सुकं परतलं तर केळफुलाचा तुरटपणा या मांसाला फार शोभतो. ताक आधी नीट धुऊन काढा, आंबटाचं कारण वर आलंच आहे.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. छातीचे उरलेले काप गरम करू नका, गरम केले की राखाडी पडतात. थंडच पातळ कापून कांदा, कोथिंबीर आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर पावात घाला. पुढच्या वेळेसाठी कच्चे तुकडे गोठवायचे असतील तर छर्रे काढून, कोरडे टिपून, दोन-दोन तुकडे हवा काढलेल्या पिशवीत ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा. वितळवताना रात्रभर फ्रिजमध्येच. मायक्रोवेव्हमध्ये त्यांच्या कडा शिजतात आणि मग तव्यावरची चार मिनिटं कशालाच जुळत नाहीत.